बाई चढायचं विसरल्या

आमच्या बाई माणसांना आकड्यांनी ओळखायच्या. बँकेतल्या खिडकीवरचा माणूस अडीच, कोपऱ्यावरची भाजीवाली सहा, त्यांचे घरमालक साडेतीन. आणि स्वतःचे यजमान? “सात गं, अगदी सात. नुसतं पाणी.” आकडा जितका लहान, तितका माणूस आंबट. सातच्या वर गेलेली माणसं साबणासारखी बुळबुळीत असतात आणि त्यांच्याशी जपून वागावं, असं त्यांचं पक्कं मत होतं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी पाच दिले आणि वर म्हणाल्या, “सुधारशील.”

मी तेव्हा बीएस्सी होऊन सिल्लोडकडच्या एका गावातून शहरात आले होते. औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या एका दुकानावर, अंग चोरून जिना चढला की, पाणी, माती आणि खायचे पदार्थ तपासून देणारी एक छोटीशी लॅब होती. मालकाला सगळे साहेब म्हणायचे आणि मुख्य केमिस्टला बाई. बाईंचं वय साठीला टेकलेलं. सुती साडीवर पांढरा एप्रन, एप्रनच्या एका खिशात चिंचेच्या गोळ्या आणि दुसऱ्या खिशात लॉगटेबल.

माझी मुलाखत खरं तर साहेब घेणार होते. ते “वडील काय करतात” इथपर्यंत पोचले आणि बाई हातात परीक्षानळी घेऊन मध्येच आल्या.

“दही साडेचार, लिंबू अडीच. लिंबू किती जास्त आंबट?”

मी छातीठोकपणे सांगितलं, “दोननं.”

बाई हसायला लागल्या. आधी उभ्याने हसल्या, मग स्टूल ओढून बसून हसल्या, मग परीक्षानळी साहेबांच्या हातात देऊन पदराने डोळे पुसत हसल्या. “दोननं म्हणे! साहेब, हिला घ्या. हिला काहीच येत नाही, म्हणजे हिच्या डोक्यात चुकीचंही काही बसलेलं नाही.” अशी मला नोकरी लागली.

मग त्यांनी मला जिना समजावला. पीएच, म्हणजे मातीच्या रिपोर्टात ज्याला सामू लिहितात तो, हा एक जिना आहे. एक पायरी खाली उतरलात की आंबटपणा दहापट. दोन पायऱ्या उतरलात की शंभरपट. तेव्हा लिंबू दह्यापेक्षा दोननं नाही, शंभरपट आंबट. हे एवढं ज्याला कळलं तो माणूस, बाकीचे नुसते मतदार, असं बाई म्हणायच्या. “थोडं जास्त” हे शब्द त्यांच्यापुढे कुणी काढायची सोय नव्हती. खालचा चहावाला एकदा म्हणाला, “बाई, आज अद्रक थोडी जास्त टाकली.” बाईंनी विचारलं, “किती पट?” तो बिचारा केटली घेऊन तसाच मागे फिरला, आम्हाला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

लॅबच्या दाराशी एक छोटा फळा होता. त्यावर बाई रोज सकाळी एक आकडा लिहायच्या. तो साहेबांच्या मिजाजाचा असायचा. ३.५ असेल तर रजा मागायची नाही, ५ असेल तर मागून बघायची, ६ असेल तर पगारवाढीचाही विषय काढायचा. साहेबांना वाटायचं, तो आमच्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच आहे. एके दिवशी त्यांनी ३.५ वाचलं आणि पाण्याचे कॅन देणाऱ्याला फोन लावून असं झापलं की तो रडकुंडीला आला. “पाणी देता का ॲसिड देता?” असं साहेब जिन्यात उभे राहून ओरडत होते. बाईंनी शांतपणे उठून फळ्यावरचा ३.५ पुसला आणि २.५ लिहिला. आम्ही तिघी-चौघी मायक्रोस्कोपच्या खोलीत जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसलो.

आता त्या लॉगटेबलाबद्दल. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही म्हणून पोरं जे पातळ पुस्तक घेऊन बसतात, तेच हे. बाईंचं त्यांच्या स्वतःच्या बारावीचं होतं. पानं चहाच्या रंगाची झालेली, आणि कव्हर म्हणून एक्स-रेची फिल्म घातलेली. उजेडाकडे धरलं की एक गुडघा दिसायचा. “माझाच आहे, डावा,” बाई कौतुकाने सांगायच्या. लॅबमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर होता. बाईंना ते मान्य नव्हतं. “मोबाइल उत्तर देतो. टेबल तुला उत्तरापर्यंत चालवत नेतं. चालल्याशिवाय रस्ता कळत नाही.” हे म्हणताना त्या स्वतः रिक्षाशिवाय कुठे जात नसत, तो भाग वेगळा.

मीटर आपल्याला फक्त पीएच देतो. त्यावरून पाण्यात खरा आंबटपणा किती, म्हणजे हायड्रोजनचे आयन किती, ते काढायचं तर लॉगच्या उलट्या टेबलात शिरावं लागतं. आणि तिथे एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी हजारो पोरं पडतात. समजा पीएच ४.२ आहे. तर टेबलात बघायचा आकडा वजा ४.२, म्हणजे हा जिना तळघरात जाणारा, आकडा मोठा तितकं खाली. पण टेबलात वजाचे आकडे नसतातच. तेव्हा काय करायचं? आधी सरळ पाचव्या पायरीपर्यंत खाली उतरायचं, आणि मग तिथून ०.८ वर चढायचं. जागा तीच, वजा ४.२. पण आता तुमच्या हातात ०.८ आहे आणि तो टेबलात सापडतो. खाली उतरलोय याची खूण म्हणून पाचाच्या डोक्यावर एक आडवी रेघ मारायची, तिला बार म्हणतात. आळशी पोरं खाली उतरतच नाहीत. चारावरच बसून ०.२ बघतात, आणि उत्तराचा पार बट्ट्याबोळ होतो.

आमच्या लॅबमध्ये ही चूक करणाऱ्याला शिक्षा होती. रस्त्यावर उघडणाऱ्या गॅलरीत जायचं आणि मोठ्याने ओरडायचं, “मी उतरायचं विसरले!” खाली ऐन बाजाराची वेळ. दुचाक्या, रिक्षा, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका, सगळ्यांच्या माना वर. आणि बांगडीवाले चाचा दुकानातून डोकं बाहेर काढून हमखास म्हणणार, “तो उतरो ना बेटा, जीना उधर है!” पहिल्या महिन्यात मी नऊ वेळा ओरडले. नंतर नंतर मला गॅलरीत नुसती उभी बघूनच चाचा जिना दाखवायचे. एकदा साहेबांनीही चूक केली. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. साहेब इतक्या हळू ओरडले की फक्त कबुतरांना कळलं.

बाई स्वतः कधी ओरडल्या नव्हत्या. त्यांच्यावर तशी वेळच आली नव्हती. त्यांचं गणित कुणी तपासायचं नसतं, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

माझी चुलती, मी तिला काकू म्हणते, गावात अकरा जणींचा बचत गट चालवते. त्या हिरव्या मिरचीचा ठेचा करतात, लसूण आणि लिंबू घालून. खाणाऱ्याच्या कानातून धूर निघतो, पण माणूस दुसऱ्यांदा मागतो. काकूने शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या चार चकरा मारून त्यांच्याकडून दोनशे बरण्यांची ऑर्डर मिळवली. गटाची शहरातली ही पहिलीच ऑर्डर. अट एकच होती: शुक्रवारी बरण्या आणि लॅबचा पास झालेला रिपोर्ट दोन्ही पोचले पाहिजेत, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या गटाला जाणार. ठेचा पुरेसा आंबट नसेल तर बरणीत नको ते जंतू वाढतात, म्हणून तपासणी. पीएच ४.६ च्या खाली असला की झालं.

पण त्या दुकानाचा फॉर्म कुणा हुशार माणसाने बनवला होता देव जाणे. त्यात पीएचचा रकानाच नव्हता. रकाना होता, “हायड्रोजन आयनचं प्रमाण”, आणि शेजारी लिहिलं होतं, किमान २.५१ गुणिले दहाचा वजा पाचवा घात. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र फॉर्म दोन्ही हातांत धरला. “अगं, हा बघ! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरा प्रश्न विचारलाय!” त्या फॉर्म घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरल्या, नवीन सुनेचा फोटो दाखवावा तशा.

नमुना माझ्या काकूचा आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच कुणी म्हणायला नको की पोरीने घरचं काम पास करून घेतलं. सोमवारी मीच मीटर लावला. ४.२ आला. मी रजिस्टरमध्ये लिहिला आणि चिठ्ठी बाईंना दिली.

नेमका त्याच वेळी एक विक्रेता आला. टाय लावलेला, घामाघूम, हातात नवीन मीटर. हे यंत्र पीएचही दाखवतं आणि हायड्रोजनचं प्रमाणही आपोआप काढून देतं, असं तो सांगू लागला. बाईंचे डोळे चमकले. “आपोआप? बरं. लावा शर्यत.” ठेच्याचा नमुना मध्ये ठेवला. साहेबांनी मोबाइलवर वेळ लावली. विक्रेता यंत्राची वायर सोडवू लागला आणि बाई गुडघ्याचं पुस्तक उघडून, तोंडाने त्यालाच शिकवत, कामाला लागल्या. “हे बघा दादा, तुमच्या यंत्राला कळतं का, पाचवर का उतरायचं ते? कळतं का? पोरं इथंच फसतात. आधी उतरायचं! रेघ मारायची! आता हे आलं. एक पॉइंट पाच आठ, गुणिले दहाचा वजा पाच!”

विक्रेत्याचं यंत्र अजून “कृपया थांबा” असं दाखवत होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात. थोड्या वेळाने यंत्राने आवाज केला आणि सहा पॉइंट तीन एक दाखवलं.

“तुमचं यंत्र चुकतंय,” बाई म्हणाल्या.

“अं... हो मॅडम, असेल,” तो म्हणाला. “नवीन मॉडेल आहे.” आणि माफी मागून, वायर गुंडाळून निघून गेला. बाईंनी त्याला जाताना चिंचेची गोळी दिली.

मग आमच्या लक्षात आलं की १.५८ म्हणजे २.५१ पेक्षा कमी. ठेचा नापास. पण बाईंचा आकडा म्हणजे आकडा. मीच रिपोर्टचा फोटो काढून काकूला पाठवला.

बुधवारी सकाळी काकूचा फोन आला. आवाज बसलेला. “पोरी, नापास झाला म्हणं आपला ठेचा. मला तर जिभंला बरूबर लागला व्हता. जाऊ दे. बायांनी पोतंभर लिंबं आणल्याती. आता फक्त येवढं सांग, किती कमी पडलं आंबट? एका बरणीला किती लिंबं पिळायची?”

“थांब, रजिस्टर बघून सांगते,” म्हणून मी फोन ठेवला. रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात ४.२. मी लिंबाचा हिशोब करायला बसले. किती पायऱ्या खाली न्यायचं? पास व्हायला ४.६ हवेत, आणि आपण आहोत ४.२ वर. म्हणजे... मी बोट ठेवून परत वाचलं. आपण आधीच खाली होतो. आपण ४.६ पेक्षा जास्त आंबट होतो. मग नापास कसे?

मी काकूला उलट फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. शुक्रवारच्या धास्तीने बायांनी अंदाजानेच पिळायला सुरुवात केली असणार. ठेच्याच्या हाताने फोन कोण उचलणार?

बाईंना “तुम्ही चुकलात” असं म्हणणं मला या जन्मात जमलं नसतं. मी रजिस्टर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. “बाई, एक शंका होती. ४.२ जास्त आंबट का ४.६?”

“हे काय विचारतेस? पहिल्या दिवसाचा प्रश्न. अर्थातच ४.२...” आणि त्या थांबल्या. सोमवारची, त्यांनी गणित केलेली चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर पाच होता, पाचावर रेघ होती, सगळं नेटकं होतं. आणि पुढे पॉइंट दोन. बाई पाचव्या पायरीवर बरोबर उतरल्या होत्या. पण तिथून पॉइंट आठ चढायचं सोडून त्यांनी तोच वरचा पॉइंट दोन उचलून टेबलात घातला होता. बार विसरू नका असं त्या माणसाला शिकवण्याच्या नादात पुढचंच विसरल्या होत्या.

बाई उठल्या. कुणाला काही न सांगता गॅलरीत गेल्या. आम्ही मागे धावलो. त्यांनी कठडा धरला आणि अख्ख्या औरंगपुऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “मी चढायचं विसरले!”

चाचा सवयीने बाहेर आले, तोंड उघडलं, आणि वर बाईंना बघून मिटलं. “बाई, आप?” हातातली बांगड्यांची पेटी त्यांनी खाली ठेवली. “हौ, हो जाता. इंसानां से हो जाता. मैं चाय भेजता.” मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

मी घाईघाईने सांगितलं की ठेचेवालीचा फोन आला होता, तिकडे बरण्यांत लिंबं पिळतायत आणि आता फोन कुणी उचलत नाही. साहेबांना वेगळीच काळजी होती. “बाई, असं करू. फेरतपासणीत पास झाला असं लिहून नवीन रिपोर्ट पाठवू. लॅबचंही नाव राहील, त्यांचंही काम होईल. फोनवर कळवून टाका.”

“फेरतपासणी कसली? ठेचा पहिल्यांदाच पास होता. नापास मी झाले,” बाई म्हणाल्या. “आणि फोन कुणी उचलत नाहीये. तिकडे लिंबं पिळतायत, साहेब. एकेक लिंबू माझ्या नावाचं आहे.” त्यांनी पर्स घेतली, नवा कोरा फॉर्म घेतला, एप्रन काढायचा राहिलाच. मला म्हणाल्या, “तुझं गाव त्याच बाजूला ना?” तेव्हा मी सांगून टाकलं की त्या लिंबं पिळणाऱ्या बाईची मी पुतणी. बाईंनी माझ्याकडे बघितलं. “आणि सोमवारपासून गप्प बसलीस? आणि टाळ्या वाजवल्यास?” मी मान हलवली. “चल,” त्या म्हणाल्या.

सिल्लोडच्या एसटीत बाई खिडकीशी एप्रनमध्ये बसल्या होत्या. कंडक्टरला वाटलं डॉक्टर आहेत, त्याने तिकिटाबरोबर आपली पाठ कशी दुखते तेही सांगितलं. एरवी बाईंनी फुलंब्री येईपर्यंत निम्म्या गाडीला आकडे वाटले असते. त्या दिवशी नाही. त्या ओठातल्या ओठात वाक्य जुळवत होत्या, आणि मध्येच माझ्याकडे वळून “चूक झाली म्हणू का चुकले म्हणू?” असं विचारत होत्या. मी त्यांना हसवायला म्हणाले, “बाई, तुमचा स्वतःचा आकडा किती?” त्या म्हणाल्या, “आज? मीटरच्या बाहेर.”

गावात पोचलो तेव्हा काकूच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा बायका गोल करून बसल्या होत्या. एकीकडे बरण्यांची रांग, एकीकडे लिंबांचा ढीग, आणि मध्ये उघडलेल्या बरण्या. बावीस बरण्यांत लिंबू पडलं होतं. एप्रन बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या.

“पिळू नका!” बाई दारातूनच म्हणाल्या. जुळवलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. “ठेचा पास होता. माझं गणित चुकलं. मी चुकले.”

काकू पुढे आली, हात कोपरापर्यंत हिरवे. “म्हंजे आमचा ठेचा आधीपासून बरूबर व्हता?”

“होता.”

“आन् या बावीस बरण्या?”

“माझ्यामुळे गेल्या.”

काकूने एका बरणीतला ठेचा बोटावर घेऊन चाटला आणि तोंड वाकडं केलं. “आमी चुकलो तर तुमी तपासता. मंग तुमी चुकल्यावर तुमाला कोण तपासतं?”

बाईंनी उत्तर शोधलं. मी त्यांना उत्तर शोधताना कधीच बघितलं नव्हतं. “कुणी नाही,” त्या म्हणाल्या.

“हे काय खरं नाय बाई,” काकू म्हणाली. रागाने नाही, पोराला सांगावं तसं. “बसा. आधी पाणी प्या. मंग मिरच्या निवडू लागा. बावीस बरण्या परत करायच्यात.”

आणि बाई बसल्या. साठीच्या, गुडघेदुखीच्या, एप्रनसकट. त्यांनी मिरच्यांची देठं काढली, लसूण सोलला, खलबत्त्यापाशी बसून दणादण ठेचलंही. पाऊण तासाने विसरून डोळ्याला हात लावला आणि शेडभर नाचल्या. चार जणींनी धरून त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारलं. “किती पट लागलं, बाई?” मी विचारलं, आणि त्या आंधळ्या अवस्थेतही त्यांनी माझ्या दिशेने लसूण फेकून मारला. लसूण कोंबडीला लागला. तेव्हा कुठे त्या बायका हसल्या, आणि एकदा हसायला लागल्यावर थांबेनात. बाईही त्यांच्यात हसत होत्या, डोळे मिटून, नाक लाल.

दुपार उतरता उतरता बरण्या पुऱ्या झाल्या. बाईंनी फॉर्म काढला, तशी काकू शेजारी येऊन बसली. “थांबा. सही करायच्या आधी मला दावा, हे कसं काढत्यात. मी सातवी शिकल्याली हाय. आमच्या रानाचा सामू साडेआठ येतो, येवढं मला ठाव हाय.”

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. एक बरणी ठेवली. “ही चौथी पायरी.” हातभर खाली दुसरी ठेवली. “ही पाचवी.” मधल्या जागेत दहा लिंबं ओळीने मांडली. “आपण इथं आहोत, चार पॉइंट दोन. म्हणजे चौथीपासून दोन लिंबं खाली.” दोन लिंबांच्या पुढे त्यांनी काडी ठेवली. “पण पुस्तकाला वरून मोजलेलं कळत नाही. त्याला खालून मोजून द्यायचं. तर आता पाचवीवर जा, आणि काडीपर्यंत चढत या. किती लिंबं?”

अकरा जणींनी मोजली. “आठ!”

“मी आठ मोजायच्या ऐवजी वरची दोनच घेतली.”

एक म्हातारी मागून म्हणाली, “येवढंच?” बाई म्हणाल्या, “एवढंच.” मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड उत्तर ते असावं.

मग बाईंनी पहिल्यापासून गणित मांडलं. पाच, पाचावर रेघ, पॉइंट आठ. टेबलात बोट फिरवलं, सहा पॉइंट तीन एक लिहिलं, गुणिले दहाचा वजा पाचवा घात. २.५१ च्या कितीतरी वर. त्याच ठेच्याच्या त्याच आकड्यावर शुक्रवारी दोनशे बरण्या दुकानात गेल्या आणि दुकानाने त्या घेतल्या, हे पुढे कळलं. पण त्या वेळी शेडमध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. सही न करता त्यांनी फॉर्म आणि ते गुडघ्याचं पुस्तक काकूपुढे सरकवलं.

“तपासा,” त्या म्हणाल्या.

काकूने हात धुतले, पदराला पुसले. चष्मा नव्हता, म्हणून शेजारणीचा लावला. हिरवट झालेलं बोट पॉइंट आठच्या ओळीवर ठेवून ती आडवी गेली, थांबली, परत मागे आली. परत पहिल्यापासून सुरू केलं. बाई उभ्या होत्या, एप्रनचा कोपरा मुठीत धरून, लाल डोळ्यांनी त्या बोटाकडे बघत. शेकडो पोरांची गणितं तपासलेली ही बाई, आणि तिला घाम फुटला होता. मला त्या क्षणी बाई इतक्या आवडल्या की सांगता येत नाही.

“सहा तीन एक,” काकू शेवटी म्हणाली. “बरूबर हाय. करा सही.”

बाईंनी सही केली. मग तारखेच्या रकान्याशी येऊन त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून काकूलाच विचारलं, “आज तारीख किती हो?”

“सतरा,” काकू म्हणाली. “लिवा बिनघोर.”